श्रीनामदेवांची श्रद्धा आणि तिची कसोटी

धर्मग्रामाचा महोत्सव हा कृतज्ञतेचा काळ होय. अशा वेळी मागे वळून पाहिले असता परमेश्वराने केलेले उपकार जसे आठवतात, तसेच ज्या दिवसांत त्याचा हात कोठेच दिसत नव्हता, ते दिवसही आठवतात. पावसाने पाठ फिरविलेली वर्षे, कर्त्या माणसाच्या अकाली मृत्यूने उघडी पडलेली घरे, दवाखान्यात वाहून गेलेली आयुष्याची पुंजी. आणि या सर्वांहून अधिक बोचणारी ती अंतरीची अवस्था, की रोझरीचे मणी बोटांतून सरकत आहेत, ओठ हलत आहेत, पण हृदयास मात्र कोरड पडली आहे. अशा अवस्थेतला मनुष्य धर्मगुरूंकडे येतो, तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो. माझी श्रद्धा संपली काय, की देवानेच मला टाकले?

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या उपदेशाने मिळत नाही. ते कोणाच्या तरी जगलेल्या आयुष्यात वाचावे लागते. म्हणून आम्ही वाचकांपुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत, की ज्याचे नाव महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे, आणि ज्याच्या जन्मभूमीचा मान आपल्या हिंगोली जिल्ह्यास लाभला आहे. ते पुरुष म्हणजे श्रीनामदेव महाराज.

नामदेव ख्रिस्ती नव्हते, आणि पंढरपुरी विठ्ठलाच्या मूर्तीपुढे चाललेली त्यांची उपासना ही आपली उपासना नव्हे. हे आम्ही आरंभीच स्पष्ट सांगतो. कारण शेजाऱ्याच्या श्रद्धेस आपल्या श्रद्धेचा अंगरखा चढविणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. परंतु इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, त्यातले काहीही ख्रिस्तसभा त्याज्य मानीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले आहे. आपल्या मराठी भाषेपुरते बोलावयाचे तर हे नाते त्याहूनही जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. तारणाचा सारा वृत्तांत त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत गायिला, आणि ती ओवी मराठी संतांच्याच अंगणातली होती. तेव्हा त्या अंगणातल्या एका थोर पुरुषाकडे आदराने पाहण्यात आपण आपल्या पूर्वजांचीच वाट धरीत आहो.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. परंतु कयाधू नदीच्या काठचे नरसी हे गाव त्यापूर्वी कित्येक शतके महाराष्ट्राच्या स्मरणात कोरले गेले होते. आज ते नरसी नामदेव या नावानेच ओळखले जाते. परंपरेप्रमाणे शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे १२७० साली, नामदेवांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दामाशेटी आणि आईचे गोणाई. जात शिंप्याची, धंदा कापडाचा व शिवणकामाचा. हे कुटुंब पुढे पंढरपुरास राहू लागले, आणि नामदेवांचे बालपण विठ्ठलमंदिराच्या सावलीत गेले. त्यांच्या चरित्रात इतिहास व आख्यायिका यांचे धागे एकमेकांत विणले गेले आहेत. म्हणून परंपरेने जे जपले ते आम्ही परंपरा म्हणूनच सांगू.

तो काळ वरून सुखाचा दिसे. देवगिरीस यादवांचे राज्य होते, आणि १२७१ च्या सुमारास रामदेवराव गादीवर आला. मराठी भाषेस बहर येऊ लागला होता. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. परंतु १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीवर चालून आली, आणि पुढल्या वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य नाहीसे झाले. म्हणजे नामदेवांच्या आयुष्याचा पहिला भाग भरल्या घरात गेला, आणि उरलेला भाग ते घर मोडताना पाहण्यात गेला, असे म्हटले तरी चालेल.

लहानपणची त्यांची एक कथा सर्वश्रुत आहे. वडील परगावी गेले असता आईने नैवेद्याचे ताट मुलाच्या हाती देऊन त्यास देवळात पाठविले. ताट ठेवून परत यावयाचे, एवढीच रीत त्यास कोणी सांगितली नव्हती. देव समोर बसून जेवील अशी त्याची निःशंक खात्री होती. देव जेवीना, तेव्हा मुलाने रडून आकांत केला, आणि डोके आपटून प्राण देण्याची तयारी केली. तेव्हा देवाने खरोखरच घास घेतला, असे आख्यायिका सांगते. या कथेचा बाह्य भाग कोणी कसाही मानो. तिच्यातून नामदेवांच्या पूर्ववयातील भक्तीचे स्वरूप मात्र स्वच्छ दिसते. हाक मारावी आणि ओ मिळावी, हट्ट धरावा आणि तो पुरविला जावा, अशी ती लेकराची भक्ती होती. आपल्यापैकी कित्येकांनी पहिल्या ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या दिवसांत अशीच गोडी चाखली असेल. परमेश्वर आरंभी जवळ घेतो, भरवितो. ती गोडी खोटी नव्हे. ती त्याचीच देणगी होय. पण ती देणगी आहे, देणारा नव्हे, हा भेद कळावयास नामदेवांना मोठी किंमत मोजावी लागली.

त्यांचा प्रपंच सुखाचा नव्हता. पत्नी राजाई, नारा, महादा, गोंदा व विठा हे चार पुत्र, मुलगी लिंबाई, सुना आणि वृद्ध आई असा मोठा परिवार होता. शिवाय गंगाखेडहून लहानपणीच या घरी आलेली जनाबाई ही दासी होती, जिचे अभंग पुढे घरोघरच्या जात्यावर गायिले गेले. नामदेवांचे लक्ष धंद्यात नव्हते, आणि घरात दारिद्र्य होते. त्यांच्या गाथेत गोणाईच्या व राजाईच्या तोंडचे अभंग आहेत. आई थेट विठ्ठलाशी भांडते, आणि माझा मुलगा मला परत दे म्हणते. पत्नी अन्नवस्त्राच्या टंचाईचे गाऱ्हाणे मांडते. पुष्कळ चरित्रकार जे झाकून ठेवतील, ते येथे उघडे ठेविले आहे. भक्ताच्या घरातही चूल थंड राहते, आणि भक्ताच्या बायकोसही राग येतो, हे वाचून आम्हास तरी दिलासाच वाटतो. ईयोबाच्या ग्रंथात देवापुढे मांडलेली गाऱ्हाणी ज्या पवित्र शास्त्राने गाळली नाहीत, त्या शास्त्राच्या वाचकांस यात नवल वाटण्याचे कारण नाही.

अशा भक्ताच्या आयुष्यात तो प्रसंग आला, ज्याने त्यांच्या श्रद्धेचा पायाच हलविला. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या तेर या गावी गोरोबा नावाचे वयोवृद्ध संत कुंभारकाम करीत. संतमंडळी त्यांना काका म्हणत. एकदा निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही भावंडे, नामदेव आणि इतर संत एकत्र बसले होते. मुक्ताबाई वयाने सर्वांत लहान. परंपरेच्या गणनेने नामदेवांहून नऊ वर्षांनी धाकटी. तिची दृष्टी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेली, आणि हे कशासाठी, असे तिने काकांना विचारले. मडके कच्चे की भाजलेले, हे ठोकून पाहण्यासाठी, असे उत्तर मिळाले. तर मग येथे बसलेल्या मडक्यांपैकी कच्चे कोणते, हेही पाहावे, असे ती म्हणाली. गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर ते हलकेच मारीत चालले. सर्वजण स्वस्थ बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले. मी काय मडके आहे, असा त्यांचा रोख होता. गोरोबांनी निर्णय दिला की हेच एक मडके कच्चे आहे.

या अपमानाचे स्वरूप आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. हा निंदकाने केलेला अपमान नव्हता. निंदकाचा बोल भक्त सहज सोसतो. येथे ज्यांना ते आपले म्हणत होते, त्या संतांनीच त्यांना अपुरे ठरविले होते. ज्या भक्तीच्या बळावर ते जगत होते, तीच कच्ची निघाली. नामदेव रडत पंढरपुरास परतले, आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे विठ्ठलापुढे मांडले. कथा सांगते, की तेथेही त्यांची बाजू घेतली गेली नाही. संतांचा निर्णय बरोबर आहे, तुला अजून गुरू भेटलेला नाही, तू विसोबा खेचर यांच्याकडे जा, असे त्यांना सांगण्यात आले. ज्याच्या कुशीत शिरावे, त्यानेच दाराबाहेर पाठवावे, यापरते दुःख कोणते? ज्या लेकरासाठी देवाने घास घेतला होता, त्याच लेकरास आता देवाने वाटेला लावले होते.

येथे मनुष्य दोहोंपैकी एक गोष्ट करितो. एक तर रागाने सर्व सोडून देतो, किंवा काहीच कळत नसताना सांगितलेल्या वाटेने चालू लागतो. नामदेव चालू लागले. आमच्या मते त्यांच्या सर्व चरित्रात याहून मोठा चमत्कार नाही. कोणतीही गोडी वाटत नसताना, आपण बरोबर आहो ही खात्रीही उरली नसताना, केवळ ज्याच्यावर एकदा विश्वास ठेविला त्याच्या शब्दावर पाऊल उचलणे, यालाच श्रद्धा म्हणतात. त्याआधी जे होते, ते प्रेम असेल, उत्साह असेल. पण श्रद्धेचे नाव त्यास आता शोभू लागले.

ही वाट त्यांना जन्मभूमीच्या परिसरातच घेऊन आली. औंढा नागनाथ हे क्षेत्र आज आपल्याच जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तेथील प्राचीन शिवमंदिराच्या कोरीव दगडी भिंती दुरूनही नजरेत भरतात. पण गाभारा जमिनीखाली आहे, आणि त्यात उतरावयाचे तर अरुंद वाटेने अंग आखडूनच जावे लागते. परंपरा असे सांगते, की नामदेव येथे आले तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. गुरू शोधावयास आलेल्या भक्तास हे दृश्य पाहून काय वाटले असेल! त्यांनी पाय काढून घेण्यास विनविले. म्हाताऱ्याने, आपल्याच्याने पाय हलवत नाहीत, जेथे देव नसेल तेथे तूच उचलून ठेव, असे सांगितले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेविले, तर तेथे लिंग दिसले. तिसरीकडे ठेविले, तर तेथेही तेच. देव नाही अशी जागा नामदेवांना सापडेना. आणि हातातले ते पाय न सोडताच त्यांना आपले अज्ञान उमगले. देव पंढरपुरात आहे हे खरे. पण पंढरपुरातच आहे, असे जे ते आजवर मानीत होते, ते खरे नव्हते.

हा प्रसंग वाचताना शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री कोणास आठवणार नाही? याकोबाच्या विहिरीवर तिने प्रभू येशूस हेच विचारले होते, की उपासना आमच्या डोंगरावर करावी की यरुशलेमेत. आणि प्रभूने तिला दोन्ही स्थळांच्या पलीकडे नेले, जेथे पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने होते. पेत्राचीही गोष्ट अशीच आहे. रूपांतराच्या डोंगरावर प्रभूचे तेज पाहून तेथेच तीन मंडप घालून राहावे, असे त्यास वाटले. पण प्रभूने त्यास खाली आणले, आणि खालची वाट यरुशलेमेकडे, क्रूसाकडे जात होती. ज्या ठिकाणी गोडी मिळाली तेथेच तंबू ठोकावा, ही इच्छा सर्व भक्तांची असते. देव तो तंबू उपटतो. तो उपटला जात असताना भक्तास वाटते, की देवच गेला. वास्तविक हललेला असतो तो केवळ तंबू.

आपल्या ख्रिस्तसभेतील थोर संतांनी ही अवस्था सोसली आहे. क्रूसाचे संत योहान यांना १५७७ साली त्यांच्याच संघातील बांधवांनी धरून स्पेनमधील तोलेदो येथे कोंडले. तेथल्या अंधाऱ्या कोठडीत सुमारे नऊ महिने काढीत असता त्यांच्या काव्यास बहर आला, आणि पुढे आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी त्यांनी असे विवेचन केले, की आजही गोंधळलेल्या जिवांस त्याच्याच आधारे वाट दाखविली जाते. लिझ्यू येथील संत तेरेजा हिचे अखेरचे सुमारे दीड वर्ष, १८९६ च्या पास्काच्या सणापासून ३० सप्टेंबर १८९७ या मृत्युदिनापर्यंत, अंतरीच्या दाट काळोखात गेले. स्वर्ग आहे की नाही, अशी शंका तिच्या मनास वेढून राहिली होती. आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा, ज्यांच्या चेहऱ्यावरचे हसू साऱ्या जगाने पाहिले, त्यांच्या अंतःकरणात कित्येक दशके देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नव्हती, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांवरून लोकांस कळले. तरी २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. यावरून हे सिद्ध होते, की अंतरीचा कोरडेपणा हा श्रद्धा संपल्याचा पुरावा नव्हे.

नामदेवांना गुरू भेटल्यावर त्यांचे दुःख संपले, असे मात्र कोणी समजू नये. १२९६ साली, ते सव्वीस वर्षांचे असताना, त्यांचे परमस्नेही ज्ञानदेव यांनी आळंदीस समाधी घेतली. या दोघांनी बरोबर तीर्थयात्रा केली होती, आणि यात्रेस निघताना पंढरपूर सोडवेना म्हणून नामदेवांनी केलेला शोक त्यांच्या अभंगांत प्रसिद्ध आहे. ज्ञानदेवांच्या समाधीचे जे अभंग त्यांच्या नावावर आहेत, ते वाचताना आजही वाचकाचा कंठ दाटून येतो. ज्ञानदेवांमागोमाग सोपान सासवडास समाधिस्थ झाले, मुक्ताबाई तापीकाठी विजेच्या कल्लोळात नाहीशी झाली, आणि निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेविला. वर्षाच्या आत चारही भावंडे गेली. ज्या मुलीने त्यांना कच्चे मडके ठरविले जाण्यास निमित्त केले, तीही गेली. त्यांच्याहून वयाने लहान असलेल्यांच्या मागे हा पक्का होऊ लागलेला पुरुष एकटा राहिला. आणि त्याच वर्षी देवगिरीवर परचक्र आले.

त्यांच्या जातीचा अपमानही त्यांच्या वाट्यास येत राहिला. एकदा ते देवळात भजन करीत असता शिंपी म्हणून त्यांना उठविण्यात आले, आणि त्यांनी देवळाच्या मागे जाऊन भजन मांडले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून राहिले, ही कथा औंढ्यास आजही सांगतात. त्यांच्या हिंदी पदांतही हा प्रसंग आला आहे. बाहेर काढलेल्या माणसाच्या दिशेने देव तोंड फिरवितो, ही गोष्ट समाजाने दूर ठेविलेल्या कोणत्याही मनुष्यास समजावून सांगावी लागत नाही. मराठवाड्यातील ज्या वस्त्यांत शुभवर्तमान प्रथम आनंदाने ऐकिले गेले, त्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगले होते. त्यांना हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

नामदेवांची भक्ती पक्की झाली की नाही, याची परीक्षा कोणी थापटण्याने पुन्हा घेतल्याचे परंपरा सांगत नाही. परंतु आमच्या मते ती परीक्षा मंगळवेढ्यास झाली. चोखामेळा हे महार जातीचे संत नामदेवांस गुरुस्थानी मानीत. त्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले, आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही चिरडून गेले. नामदेव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे म्हातारे होते. ते मंगळवेढ्यास गेले. दगडमातीच्या त्या ढिगाऱ्यात कोणाची हाडे कोणती, हे ओळखावे कसे? परंपरा सांगते, की ते एकेक हाड कानाशी धरीत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून त्यांनी वेचून घेतले. ती हाडे पंढरपुरास आणून मंदिराच्या महाद्वारापुढे त्यांनी समाधी बांधविली. जिवंतपणी ज्यास उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याची समाधी आता मंदिरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते.

वाचकहो, हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहा. तेरच्या अंगणात आपल्या मस्तकावर हलकासा आघात झाला, तो ज्यास सोसवला नाही, तोच पुरुष आता ढिगाऱ्यापुढे बसून दुसऱ्याच्या अस्थी गोळा करीत आहे. पहिल्या प्रसंगी अश्रू स्वतःच्या मानासाठी होते. दुसऱ्या प्रसंगी स्वतःचा विचारही नाही. या दोहोंच्या मध्ये चाळीसांहून अधिक वर्षांचा आवा जळत होता. अपमान, गोंधळ, वियोग, राज्याचा नाश, घरचे दारिद्र्य हे सर्व त्या आव्याचे जळण होते. बेन सिराच्या ग्रंथात कुंभाराच्या भांड्यांची परीक्षा भट्टीत होते, असा दृष्टान्त आहे. नामदेवांच्या चरित्राने त्याचा अर्थ आमच्या मातीत उलगडून दाखविला आहे. कच्च्या मडक्यात पाणी ओतले तर मडकेच विरघळते. पक्क्या मडक्यात पाणी राहते, आणि ते पाणी मडक्याच्या कामाचे नसून तहानेल्याच्या कामाचे असते. देव आपणास का भाजतो, या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर आम्हास सापडलेले नाही. जो स्वतः काळोखातून गेला, त्याच्याच अंगी दुसऱ्याच्या काळोखात बसून राहण्याचे बळ येते.

नामदेवांची पुढील कीर्ती सर्वविदित आहे. ज्या भक्तास एके काळी पंढरपूर सोडून पाऊलभर जाणे म्हणजे मरण वाटे, तो भजन गात उत्तर हिंदुस्थानात फिरला, आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिला. सर्वत्र देव भरलेला आहे, हा औंढ्याचा धडा त्यांनी पायांनी गिरविला. शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४ साली झाले, तेव्हा त्यात त्यांची एकसष्ट पदे घेतली गेली, आणि ती गुरुद्वारांतून आजही गायिली जातात. मराठीत त्यांच्या नावावर सुमारे अडीच हजार अभंग आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते त्यांच्याच स्मरणार्थ. महाराष्ट्राच्या परंपरेप्रमाणे १३५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पंढरपुरास त्यांनी देह ठेविला. मंदिराच्या महाद्वाराची पहिली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. येणाऱ्या भक्तांच्या चरणांची धूळ आपणास लागावी, म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे सांगतात. थापटण्याचा स्पर्श सहन न झालेल्या मस्तकाने अखेर सर्वांच्या पायांखालची जागा मागितली, यात त्यांच्या साऱ्या चरित्राचे सार आले आहे.

आता आपल्यापुरते काय? आम्हास तीन गोष्टी दिसतात. पहिली ही, की प्रार्थनेत गोडी उरली नाही म्हणून प्रार्थना सोडू नये. नामदेव रडत गेले, पण गेले. रविवारच्या मिस्सेस जड पावलांनी आलेला मनुष्य हलक्या पावलांनी आलेल्याहून देवास कमी प्रिय आहे, असे कोणी शिकविलेले नाही. दुसरी गोष्ट ही, की गोंधळात स्वतःचा वैद्य स्वतःच होऊ नये. नामदेवांस दुसऱ्याकडे पाठविले गेले. आपल्यालाही प्रायश्चित्त संस्कार आहे, धर्मगुरू आहेत, वडीलधारी श्रद्धावंत माणसे आहेत. ज्याचे दुःख अनावर झाले असेल, जीव नकोसा झाला असेल, त्याने तर ते एका तरी माणसापुढे बोलून दाखवावे, आणि लाज न बाळगता डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे. तेही देवाचेच साहाय्य होय. आणि तिसरी गोष्ट ही, की स्वतःच्या काळोखातही दुसऱ्याची हाडे वेचण्यास जावे. शेजारच्या विधवेचे शेत, आजाऱ्याची उशाशी बसून केलेली सेवा, आईबापांविना उरलेले लेकरू, ही आपली मंगळवेढी होत.

प्रभू येशूने स्वतः क्रूसावर पित्याने आपल्याला टाकल्याची वेदना भोगली, आणि त्याच क्रूसावर आपला आत्मा पित्याच्याच हाती सोपविला. या दोहोंमधले अंतर ज्यास पार करावयाचे आहे, तो एकटा नाही. प्रभू त्या वाटेने आधीच गेला आहे. आमच्या धर्मग्रामाची पुढील वर्षे सुखाचीच जावीत, असे मागणे आम्ही मागत नाही, कारण ते कोणाच्याच वाट्यास आलेले नाही. पवित्र मरियेच्या मध्यस्थीने आम्ही इतकेच मागतो, की आव्याचा दाह असह्य होईल तेव्हा जळण लावणारा हात कुंभाराचा आहे, हे आमच्यापैकी कोणीही विसरू नये. आणि त्याने भाजून काढलेले आमचे मडके कोणा तहानेल्याच्या उपयोगी पडावे.